कोचीच्या धक्क्यावरची बारी

यंदा आमची एक अंगारकी राजूरच्या गणपतीला न जाता गेली, आणि ती मी मुद्दाम चुकवली होती. आजारपणात माणसं देवाच्या जास्त जवळ जातात म्हणे. माझं उलटंच झालं. यांना विस्मरणाचा आजार आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवसापासून मी गणपतीवर रुसून बसले होते. आमचं मूळ गाव केदारखेडा, राहणं जालन्यात, आणि लग्न झाल्यापासून प्रत्येक अंगारकीला हे राजूरला अनवाणी चालत गेलेले. कधी अंगात ताप घेऊन गेले, कधी पेरणी अर्धी टाकून गेले. बारीत, म्हणजे दर्शनाच्या रांगेत, तासन्‌तास उभे राहिले, पण कुणाची ओळख काढून कधी मधे घुसले नाहीत. अशा माणसाचीच आठवण देवानं काढून घ्यावी? सुनेचं नाव गेलं, घराचा रस्ता गेला. कधीकधी मी चहा घेऊन समोर गेले की हे परक्या बाईकडं बघावं तसं अदबीनं बघतात आणि "ताई, तुम्ही घेतला का?" असं विचारतात. तेव्हा आत जाऊन मी रडते.

डॉक्टर म्हणाले होते, जे दाखवायचं ते आत्ताच दाखवा. यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. मुलानं मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझची आम्हा तिघांची तिकिटं ठरवली. जहाज वाटेत एकाच ठिकाणी, कोचीला, दिवसभर थांबणार होतं. कॅलेंडर पाहिलं तर तो मंगळवार नेमका अंगारकीचा. मुलगा म्हणाला, "आई, तारीख बदलून घेऊ का?" मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे. त्याला कुठं आपली काळजी हाय?" मुलानं तीच तारीख पक्की केली. उपवास मात्र मी धरला. रुसवा आपल्या जागी आणि सवय आपल्या जागी.

जहाजावर हे खुशीत होते. कठड्याला धरून म्हणाले, "केवढं तळं हाय!" मी हसले, आणि बऱ्याच दिवसांनी मनापासून हसले. कोची आलं त्या सकाळी यांच्या कपाळाला गंध लावताना तोंडातून निघून गेलं, "आज अंगारकी हाय बरं का." यांनी नुसती मान हलवली.

माझा स्वभाव असा की एकदाच मिळणारी गोष्ट पुरती वसूल झाली पाहिजे. लग्नाच्या पंगतीतही मी सगळ्या भाज्या चाखून बघते. जहाज पाचला सुटणार, चारच्या आत परत यायचं. तेवढ्यात ते सगळं जुनं शहर बघायचं मी मनात पक्कं केलं होतं. बंदरातून रिक्षा केली. परदेशी लोकांनी बांधलेलं चर्च पाहिलं, लाकडी छताचा राजवाडा पाहिला, मिऱ्याच्या वासानं भरलेली मसाल्याची गल्ली पाहिली. यांचा हात धरून मी "चला, जल्दी चला" करत होते. शेवटी खाडीच्या तोंडाशी लावलेली, मासे धरायची मोठाली चिनी जाळी बघायला आलो. मुलगा फोटो काढायला पुढं गेला, मी एका गाडीवर वेलदोडे हुंगायला थांबले. परत भेटलो तर हे दोघांपाशीही नव्हते.

"मी समजून राह्यलो, बाबा तुझ्यापाशी हायेत," मुलगा म्हणाला.

मग आम्ही जे धावलो ते विचारू नका. जाळ्यांपाशी, बाकड्यांवर, चर्चच्या अंगणात, सगळीकडं बघून झालं. पलीकडच्या बेटावर जाणाऱ्या बोटीचा धक्का जवळच होता. मुलगा तिथंही डोकावला, पण तेव्हा नुकतीच बोट लागली होती आणि नुसती झुंबड होती. पोलिसांनी फोटो मागून घेतला. यांच्या खिशात मुलाचा नंबर लिहिलेला कागद ठेवला होता, पण हे तो कुणाला दाखवतील याची खात्री नव्हती. सगळीकडं पाणीच पाणी, आणि या माणसाला ते तळं वाटत होतं. तेवढ्यात एका जुन्या झाडाच्या बुंध्याशी मला यांच्या चपला दिसल्या. देवळाबाहेर काढून ठेवाव्यात तशा जोडीनं, नीट ठेवलेल्या होत्या.

सगळं विसरलेल्या माणसानं माझं सकाळचं तेवढं एकच वाक्य धरून ठेवलं होतं. हे राजूरला निघाले होते.

मुलगा पुन्हा पोलिसांकडं धावला. मी चपला मांडीवर घेऊन तिथंच बसले. माझी अक्कल संपली होती. मी डोळे मिटले आणि म्हटलं, "रुसले होते ती मी. यांनी तुझं काय केलं? आता माझ्या हातात काही न्हाई, तूच बघ." मोठी प्रार्थना नव्हती ती, भांडणच होतं. पण ते बोलल्यावर आतून घट्ट धरलेलं काहीतरी सुटलं आणि श्वास मोकळा झाला. डोळे उघडले तेव्हा धक्क्यावरची गर्दी ओसरली होती, आणि पुढच्या बोटीसाठी लोक भिंतीच्या कडेनं एकामागं एक उभे राहत होते. रांग! हे दुसरीकडं कुठं जातील?

माझ्याही चपला तिथंच सुटल्या, मी अनवाणीच धावले. रांगेच्या शेवटी हे हात जोडून उभे होते. मुठीत रस्त्याकडेचं गवत होतं, दूर्वा म्हणून खुडलेलं. आणि यांचं मनगट धरून एक सावळी, थोराड बाई उभी होती. तिच्या पायाशी मासळीचं पातेलं होतं. तिच्या केसात गवताच्या चार काड्या खोवलेल्या होत्या, यांनीच दिलेल्या.

"अहो, कुठं गेल्ता तुम्ही?" मी रडतच विचारलं.

"हळू बोल. बारीत हाय मी," हे म्हणाले. त्या दिवशी यांनी मला ओळखलं होतं.

त्या बाईची भाषा मला येत नव्हती. पुढं उभ्या असलेल्या एका माणसाला हिंदी येत होती, त्यानं सांगितलं. हे रांगेतून बोटीच्या तोंडापर्यंत जात, समोर देव नाही, नुसतं पाणी आहे असं पाहून गोंधळत, आणि परत मागं येऊन पहिल्यापासून उभे राहत. कुणी बाजूला घ्यायला गेलं की घाबरून ओरडत. हा म्हातारा पाण्यात पडेल किंवा चुकून पलीकडं जाईल म्हणून या बाईनं यांचा हात धरला, आणि प्रत्येक वेळी यांच्याबरोबर तीही मागं येऊन उभी राहिली. तिचं घर पलीकडच्या बेटावर होतं. तिच्या कितीतरी बोटी गेल्या होत्या. पातेल्यातला बर्फ पार वितळून गेला होता आणि त्याचं पाणी तिच्या साडीच्या काठाला लागलं होतं.

एरवी उपवासाच्या दिवशी मी मासळीच्या वासापासून दहा हात लांब गेले असते. मी तिचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. पिशवीत उपवासाचे राजगिऱ्याचे लाडू होते, ते तिच्या ओंजळीत घातले. तिनं एक तिथंच तोंडात टाकला, मान डोलावली आणि हसली. मुलगा धापा टाकत आला, तेवढ्यात बोट लागली. जाताना तिनं यांचा हात माझ्या हातात दिला, माझी बोटं घट्ट दाबली, आणि बोटीत चढली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

जहाजाकडं परतताना रिक्षात मी भीतभीत विचारलं, "झालं का दर्शन?"

"झालं की," हे म्हणाले. "गर्दी लई व्हती. पण त्या बाईनं बराबर नेलं."

ती कोण होती याचा कीस मी काढत बसत नाही. ती मासळी विकणारी बाई होती, तिला घरी जायचं होतं, आणि ती थांबली. मला एवढं पुरे आहे. यांचा आजार काही बरा झालेला नाही. तो वाढेल, हेही मला माहीत आहे. पण सगळं आपणच धरून ठेवलं तरच टिकेल, ही माझी धडपड त्या धक्क्यावर संपली. माझा हात सुटला तेव्हा दुसरा कुणाचा तरी हात तिथं होता. पुढंही असेल, असं आता वाटतं.

पुढच्या अंगारकीला मी यांना राजूरला घेऊन गेले. चालवत नाही, म्हणून जीपनं गेलो, पण चपला घरीच ठेवल्या. बारीत हे माझ्या पुढं उभे होते. रांग सरकली तरी हे आपल्यापुढं एका माणसाची जागा मोकळी सोडून उभे राहत. मागचा पोरगेला माणूस वैतागला, "बाबा, सरका की पुढं. जागा खाली पडून राह्यली."

"ती बाई यायची हाय," हे म्हणाले. "माझ्यापायी तिचा नंबर गेल्ता."

मी मागं वळून त्या माणसाला म्हटलं, "थोडं थांबा भाऊ." आणि गाभाऱ्यापर्यंत आम्ही ती जागा तशीच मोकळी नेली.