यांचं अंथरूण हॉलमध्ये गेलं तेव्हा

गर्भपिशवीच्या कॅन्सरचं रेडिएशन संपवून मी घरी आले आणि त्याच आठवड्यात यांनी आपलं अंथरूण हॉलमध्ये घातलं. "तुला नीट झोप लागू दे," म्हणाले. मला ते पटलं नाही. मग मी नुसती बघत राहिले. माझा हात लागला की हे दचकतात का, फोन आला की गॅलरीत का जातात, मी अंग पुसलेल्या टॉवेलला हात लावतात का. संशयाला पुरावा लागतोच कुठे? रोजच्या साध्या गोष्टींवरही त्याचं पोट भरतं.

दोन महिन्यांनी तपासणीला गेलो. नर्सबाईंनी मला एकटीला आत घेऊन विचारलं, "दोघं जवळ येता ना? कोरडेपणा, दुखणं काही?" मला वाटलं, यांनीच माझी तक्रार केली असणार. "यांनाच विचारा," मी म्हणाले, तेव्हा बाईंनी यांना आत बोलावलं.

हे खुर्चीच्या कडेला टेकले. खाली बघत म्हणाले, "हा आजार माझ्यामुळे झाला का हिला? जवळ गेलो तर परत उलटेल का?"

"नाही हो," बाई म्हणाल्या. "दोन्ही नाही." मग त्यांनी कोरडेपणावरचं जेल लिहून दिलं, आणि घाई करू नका म्हणाल्या.

परतताना रिक्षात मी विचारलं, "एवढे दिवस मलाच का नाही विचारलंत?"

हे बाहेर रस्त्याकडे बघत म्हणाले,

"तू हो म्हणाली असतीस तर?"