जागच्या जागी

पलटणीत माझं अक्षर बरं, म्हणून मराठी घरांना जाणारी पत्रं माझ्याकडे यायची. सरकारी तार इंग्रजीत जायची. मागोमाग आपल्या भाषेतल्या दोन ओळी जाव्यात, अशी आमच्याकडे रीत होती. माणूस कसाही गेलेला असो, वाक्य एकच: 'जागच्या जागी गेला, त्रास झाला नाही.' माझ्याच तोफेवरचा सटाण्याकडचा सोबती गेला, तेव्हाही मी तेच लिहिलं. मग लंगरमध्ये जाऊन जेवलो. भाजी कसली होती तेही आठवतं.

नव्वदच्या दशकात हवालदार म्हणून पेन्शनीत निघालो आणि नाशिकला आलो. बी.ए. नोकरीतच बाहेरून उरकलं होतं. मग एम.ए. केलं, नेटची परीक्षा काढली आणि इतिहासाचा प्राध्यापक झालो. पोरं मागून 'कर्नल' म्हणायची. एवढी बढती मला फौजेनेसुद्धा दिली नसती. बायकोला तक्रार एकच, की हा माणूस घरात असून नसल्यासारखा असतो. तिचं खरं होतं.

सोबत्याचे वडील डोळे दाखवायला नाशिकला आले की आमच्याकडे उतरायचे. एकदा दवाखान्याची वेळ दुपारची होती, म्हणून त्यांना कॉलेजात नेलं आणि शेवटच्या बाकावर बसवलं. त्या दिवशी मी जुन्या पत्रांची पारख शिकवत होतो. "कागद जपून ठेवला म्हणून खरा होत नाही. कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि लिहिणाऱ्याला काय झाकायचं होतं, ते विचारा." दरवर्षीचंच व्याख्यान. मागे कोण बसलंय याचं मला भानही नव्हतं.

तास सुटल्यावर व्हरांड्यात म्हातारा थांबला. "तुनी चिठ्ठीबी आशीच शे का?"

नाही म्हणणं सोपं होतं. खोटं बोललो तर त्यांचं समाधान टिकणार होतं. खरं बोललो तर त्यांचा मुलगा दुसऱ्यांदा मरणार होता.

"चार तास लागले, बाबा," मी म्हणालो. आवाज हजेरी घेतल्यासारखा सपाट. "पोटात लागलं होतं. पाणी मागत होता. पोटात लागलेल्याला पाणी द्यायचं नसतं."

"जोडे कोन व्हतं?"

"मीच जवळ होतो. डोकं माझ्या मांडीवर होतं. तुमच्या दोघांचं नाव घेत होता."

म्हातारा पायरीवर बसला. मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मंग हाई का नही लिखं?" ते म्हणाले. 'जागच्या जागी'चा अर्थ त्यांच्या घराने वेगळाच लावला होता: जवळ कोणी पोचलंच नाही. "पोऱ्या एकलाच मरना, हाईच मानीसन त्यानी माय गयी."

त्याची आई जाऊन दोन वर्षं झाली होती.

मला रडू आलं नाही. त्याची लाज मात्र वाटली, आजही वाटते. म्हाताऱ्याला हात देऊन उठवलं, रिक्षात बसवून दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, "हे माझे वडील."