मोरीतलं मानवशास्त्र

ताईच्या तोंडी लागायला कारखान्यातले इंजिनीअरही कचरत. कपडे धुण्याची यंत्रं बनवणाऱ्या त्या कारखान्यात मानवशास्त्र शिकलेली ती एकटीच. लोकांच्या घरी तासन्‌तास बसायचं, ते कपडे कसे धुतात, कशाला वैतागतात, कोणतं बटण कधीच दाबत नाहीत, ते बघायचं, हे तिचं काम. तिचा धाकटा भाऊ विद्यापीठात याच विषयाचा विभागप्रमुख. तो चारचौघांत म्हणायचा, "आम्ही माणसांत जातो, आमची ताई मोरीत जाते." हे कानावर आलं की ताईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्या रागातूनच तिने शनिवारची बैठक सुरू केली. बस कंपनीत, बँकेत, रुग्णालयात असंच काम करणारे एकटेदुकटे लोक तिच्या घरी जमत. आपला कप आपण आणायचा, आपणच विसळायचा. कुणी गळा काढला की ताई खेकसायची, "रडायचं तर घरी रड. काम कुठे अडलंय ते बोल." तरी लोक येत. त्यांचं गाऱ्हाणं बाहेर कुणाला कळतच नसे. भावाने मात्र आपल्या विद्यार्थ्यांना तिकडे फिरकायचं नाही, अशी तंबी दिली होती.

एका शनिवारी रुग्णालयात काम करणारी पोरगी आली ती पडलेल्या चेहऱ्याने. रुग्णांची उचलठेव करणाऱ्या आयांच्या पाठी एवढ्या का दुखावतात, हे तिने शोधून काढलं होतं. आया तिच्यापाशी मन मोकळं करून बोलल्या होत्या. आता व्यवस्थापक अडून बसला होता, "कोण काय बोललं ते नावानिशी सांग, नाहीतर सोमवारी चालती हो."

"सांगितलंस?" ताईने विचारलं.

"नाही."

"मग तोंड कशाला पाडतेस?" ताईने पायात चपला सरकवल्या आणि तडक भावाचं घर गाठलं. तो या विषयाच्या अभ्यासकांच्या मंडळाचा अध्यक्ष होता. त्याने सोमवारी रुग्णालयात यावं आणि विश्वासाने बोललेल्या माणसाचं नाव फोडायचं नसतं, एवढं सांगावं, इतकीच तिची मागणी होती.

भावजयीने दार उघडलं, पण बसा म्हटलं नाही. भाऊ वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाला, "ती आमची सभासद नाही. आधी मालकासाठी हेरगिरी करायची, अंगाशी आलं की आमच्याकडे धावायचं!"

"तुझा पगार काय आभाळातून पडतो?"

"ताई, आवाज खाली."

"उद्या विद्यापीठाने तुझ्याकडे नावं मागितली तर?"

"नाही मागणार."

"म्हणूनच काठावर बसून पोहायला शिकवतोस," असं म्हणून ताई निघाली. दार तिने जोरात आपटलं.

सोमवारी पोरीबरोबर ताई, बस कंपनीतला आणि बँकेतली असे तिघे गेले. "तुम्ही हिचे कोण?" व्यवस्थापक गुरकावला. "हिची माणसं," ताई म्हणाली. भांडण जुंपलं, शिपायाला बोलावणं झालं, आणि पोरीची नोकरी गेली ती गेलीच. नाव एकही फुटलं नाही. बाहेर पडताना व्हरांड्यातल्या आयांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. पोरीच्या जिव्हारी लागलं.

"त्यांनाही नोकरी आहे," ताई तिच्यावर डाफरली. "आरती ओवाळून घ्यायला आली होतीस का?"

पुढे बस कंपनीतल्याने खटपट करून तिला आपल्याकडे चिकटवलं. बहीणभावाचं बोलणं मात्र बंद झालं. बऱ्याच वर्षांनी एकदा भावाचा फोन आला. त्याची एक हुशार विद्यार्थिनी नोकरीवाचून घरी बसली होती.

"तुझ्याकडे काही होतंय का बघ," तो म्हणाला.

"तिला शनिवारी पाठव," ताई म्हणाली. "तू येऊ नकोस."

विद्यार्थिनी आली, कप न घेताच. त्यावरून ताईने तिला दारातच फैलावर घेतलं आणि मग विचारलं, "हं, बोल. काय काय येतं तुला?"