बुटक्या दाराची खोली

उन्हाळ्यात कवेलू फेराले छपरावर चढा, कवेलू उचलला का खाली विंचू! आमच्या वस्तीतल्या खोलीचे किस्से तसेच. एक उचला, दुसरा नांगी वर करून तयारच!

खोली मातीची, नागभीडकडच्या आमच्या गावात. छप्पनच्या दीक्षेआधीच आमच्या लोकायनं बांधली. काऊन? तं पाटलाच्या ओट्यावर आमाले बसू देत नोते, मंग सभा कुठी घ्याव? दार माह्या सासऱ्यानं केलं, मुद्दाम बुटकं. म्हणे, "गावभर आपनच वाकलो. इथी येनाऱ्यानं वाकाव!" पाटील एकडाव आले, दारासमोर उभे राह्यले आन तसेच वापस गेले.

ऐंशीच्या पुढं खोली खचाले लागली. तवा सरपंच होते त्याच पाटलाचे पोरगे. म्हणे, "पाडून टाका, स्लॅबची बांधून देतो." वस्तीतले पोट्टे खुश! मी म्हटलं, "स्लॅब बाजूले टाका. हिले हात नाई लावाचा."

मंग आमी बायाच कामाले लागलो. एक खांब उधईनं खाल्ला होता, नवा आणला. फारेस्टगार्ड हजर! "सागवान कुठून आणलं?"

माही जाऊ गंगू म्हणते, "साहेब, जुनं सागवान खाल्लं ते उधई तिथीच हाय. तिच्याजवळ पास हाय का, पयले तिले इचारा!"

गार्ड हसला, चहा पेला. पण पावती पाहूनच गेला!

माहा दीर गडचांदूरले सिमेंटच्या कामावर. "मातीनं काय होते वहिनी!" म्हणून सिमेंट घेऊन आला आन भिंतीले फासलं. किती सांगतलं, मातीवर सिमेंट धरत नाई बाप्पा. पयल्याच झडीत सारा पापुद्रा सुटला, तो त्याच्याच नव्या सायकलीवर! भिंत उभी, सायकल आडवी. दुसऱ्या दिवशी भाऊजी गुपचूप माती तुडवून राह्यले होते.

सरपंचानं मंग ओव्हरसियर धाडला, खोली 'धोकादायक' म्हणून लिवून न्याले. तो घाईघाईनं आत शिरला आन कपाळ धाडकन चौकटीवर! खालीच बसला. गंगूनं हळद लावली. मी वर पाह्यलं, मातीचा कण पडला नोता.

"लिवा साहेब, मजबूत हाय. तुमीच ठोकून पाह्यली!"

शेवटी सरपंच सोताच आले. हातात पाडाचा कागद. बापासारखाच उंच माणूस, बापासारखाच दारासमोर उभा.

"बाई, बाहेर या."

"चहा आत मांडला हाय, भाऊ. तुमीच आत या."

"दार बुटकं हाय."

"हो, हायच!"

सारी वस्ती पाहून राह्यली. वाकाव कसं? त्यायनं केलं काय, तं पाठ फिरवली आन उलट्या पावलानं आत आले! पण उलटं आलं तरी वाकाच लागते. आमाले आधी धोतर दिसलं, मंग सरपंच! गंगूनं पदर तोंडात कोंबला.

चहा पेता पेता त्यायनं भिंतीवर हात फिरवला. "बाबा इथूनच वापस गेलते ना?"

"हो."

मंग कागद खिशात घातला. "राहू द्या. नाई पाडत."

उठले. या टायमाले सरळ तोंडानं, दाराच्या कितीतरी आधीच वाकले. बाहेर पडले, अंगण ओलांडलं, विहिरीपावतर गेले, तरी वाकूनच!

गंगू मागून ओरडली, "भाऊ, दार मागंच राह्यलं!"