विझलेली कुपी

गुरुवार, ७ मार्च. थोरली सकाळी काही न खाता बाहेर पडली. रात्रीही उठून येरझाऱ्या घालत होती. विचारलं तर म्हणाली, पोट बरं नाही. इस्त्रीचे कपडे आले, उशीचा एक अभ्रा कमी.

आईने वहीत असं टिपलं खरं, पण पोटाला काहीएक झालं नव्हतं. थोरलीच्या डोक्यात किडा वळवळत होता, आणि तो आदल्या संध्याकाळी भांडी घासताना शिरला होता.

प्रथिनांवर काम चालणाऱ्या प्रयोगशाळेत ती कित्येक वर्षं तंत्रज्ञ होती. थंडीत ठेवायचा सगळा माल तिच्या ताब्यात. तिच्या फ्रीजला न विचारता हात लावायची कुणाची टाप नव्हती. तिथल्या मुली मागून तिला ‘फ्रीजची सासू’ म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं.

नव्या अँटिबॉडीची बाटली आली तीही तिनेच ठेवली. या अँटिबॉडीच्या पाठीवर एन्झाइम बसवलेलं असतं. पेशींतली प्रथिनं ज्या पातळ पडद्यावर उतरवून घेतात, तिथे हवं ते प्रथिन सापडलं की ती तिथे चिकटते, आणि वरून द्रावण ओतलं की एन्झाइम उजेड पाडतं. थोरलीने ती गोठू दिली नाही, चंदेरी कागदात गुंडाळून अंधारात ठेवली. आणि लहान कुप्यांत वाटताना, इतर सगळ्या अँटिबॉडींत घालायची तसं, बुरशी लागू नये म्हणून थोडं अझाइड घातलं. साध्या अँटिबॉडीला ते विष बाधत नाही. पाठीवरच्या एन्झाइमचा मात्र ते जीव घेतं. नव्या मुलींना हे तीच बजावून सांगायची. पण सवयीचा हात डोक्याला विचारत नाही.

तेव्हापासून पडदे जवळजवळ कोरे येत होते. जे प्रथिन भरपूर असतं त्याची पट्टी अंधूक का होईना उमटायची, म्हणून कुणाला शंका आली नाही. संशोधन करणाऱ्या मुलीला हवं असलेलं दुर्मीळ प्रथिन मात्र दिसेना. ते पेशींत नाहीच, असं ठरवून प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम आज दुपारी तिचा विषय बंद करणार होत्या. मुलीने कपाटातले कागद आवरायलाही घेतले होते.

भांडी घासताना थोरलीला ते अझाइड आठवलं होतं, म्हणून ती सगळ्यांच्या आधी पोचली. वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेतून तीच अँटिबॉडी थेंबभर मागून आणली आणि अंधाऱ्या खोलीत शिरली. द्रावणात उसना थेंब पडताच निळसर उजेड फुलला. आपल्या कुपीतला थेंब टाकला, तर राखेखालच्या निखाऱ्याएवढी जेमतेम धग.

मॅडम आल्या, दोन्ही थेंब पाहिले, आणि त्यांनीच वाट मोकळी करून दिली. माल वाटेत उन्हात राहिला असेल, कंपनीला कळवू, बदलून देतील. थोरलीने मान हलवली असती तर विषय तिथेच मिटला असता. मुलीचं कामही वाचलं असतं आणि थोरलीचं नावही.

तिने दाराची कडी उघडली, परत लावली.

“माल चांगला होता,” ती म्हणाली. “मी त्यात अझाइड घातलं.”

“तुम्ही?”

“मीच. सगळ्या कुप्यांत.”

मॅडमनी कुपी उचलून पाहिली. मग म्हणाल्या, “आम्ही तुमच्या फ्रीजजवळून चपला काढून जायचो, ताई.”

ते टोचायचं तिथे टोचलं. थोरली कामाला लागली. उसनी अँटिबॉडी पुरवून पुरवून वापरत तिने आणि मुलीने मुलीचा कोरा आलेला पडदा धुऊन पुन्हा भिजवला. दुपारपर्यंत थोरलीचा पाय जागेवर ठरेना. पडद्यावरचा उजेड टिपणाऱ्या यंत्राचं झाकण ती उगाच पुसत राहिली. शेवटी पडद्यावर पट्टी उमटली. बारीक, एका बाजूला झुकलेली, पण हव्या त्या जागी.

मुलीचा विषय चालू राहिला. मॅडमनी एवढंच सांगितलं की यापुढे वाटप एकटीने करायचं नाही, मुलीला शेजारी उभी करायची. मुलीने संकोचून विचारलं, “चालेल ना, ताई?” थोरली म्हणाली, “न चालायला काय झालं? मला टोकत जा.”

घरी आल्यावर तिने आईला सगळं सांगितलं, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आणि तरी ती स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत फेऱ्या मारतच होती. आईने शेवटी दिवा जवळ ओढला, वही उघडली आणि सकाळच्या नोंदीखाली लिहिलं.

मोरीचा नळ ठिबकतो आहे. वायसर आणायला हवा.