सगळ्या गाड्यांना बसणारं ब्रॅकेट

मुकुंदरावांनी परशुरामला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याला डोकं नव्हतं. उणकलच्या तळ्याजवळच्या गॅरेजच्या शेडमध्ये एक अँबॅसिडर जबडा वासून उभी होती आणि तिच्या तोंडातून फक्त दोन पाय आणि लुंगीचा एक सोगा बाहेर लोंबत होता. गाडीनं माणूस गिळायला घेतलाय आणि निम्म्यावर दम खायला थांबलीय, अशी मुकुंदरावांची खात्री पटली. त्यांनी धावत जाऊन दोन्ही पाय गच्च पकडले.

आतून आवाज आला, "पाया नंतर पडा साहेब. आधी तो दहाचा पाना द्या."

मुकुंदरावांनी पाना दिला. पुढची नऊ वर्षं ते पानेच देत राहिले.

मुकुंदराव मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. जिल्ह्यातली निम्मी शेतं त्यांनी साखळीनं इंचाइंचानं मोजली होती. स्वतःची अँबॅसिडर मात्र देशपांडे नगरातल्या घराच्या फाटकातून ते रोज दोन्ही बाजूंनी घासत न्यायचे. आधीच्या मालकानं तिचं पेट्रोल इंजिन काढून डिझेलचं बसवलं होतं. त्या दुसऱ्या संसारात बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला अगदी तळाशी, रस्त्यालगत जागा मिळाली. कलघटगीच्या वाटेवरचा एकेक खड्डा त्याला न चुकता आंघोळ घालायचा.

आणि कलघटगीला जाणं टळत नव्हतं. मुकुंदरावांच्या पत्नी उत्तराबाई तिथल्या हायस्कुलात गणित शिकवायच्या. निवृत्तीला सात वर्षं होती, पण गुडघ्यांनी आधीच राजीनामा दिला होता. बसची पायरी चढवत नव्हती, म्हणून मुकुंदराव रोज गाडीनं न्यायचे-आणायचे. सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात गाडी वाटेत बसायला लागली. एकदा तर नववीच्या मुलींनी ती शाळेपासून ढकलत नेली. घरी आल्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, "ज्या पोरींना सकाळी नापास केलं, त्यांनीच संध्याकाळी मला ढकलायचं? आता ही एकदा जरी रस्त्यात बसली, तर मी नोकरी सोडते."

वर्गातल्या फळ्याशिवाय या बाई घरात कशा दिसतील, याची कल्पनाही मुकुंदरावांना करवेना. ते गाडी घेऊन उणकलला गेले ते त्यामुळे.

परशुराम कानावर पेन्सिलीसारखा टेस्टर खोवून फिरायचा. त्यानं वाकून पाहिलं आणि निदान केलं. "अण्णा, हा खाली बसलाय म्हणून भिजतोय. वर घेऊ. तयार ब्रॅकेट मिळतंय की."

"आपल्या गाडीला बसेल?"

"आगतदरी! होतंय सगळं. मी आहे नव्हं?"

'मी आहे नव्हं' हे त्याचं ब्रीदवाक्य. ते ऐकून धीर यायचा आणि थोडी भीतीही वाटायची.

बेळगावहून ब्रॅकेट आलं. खोक्यावर 'सगळ्या गाड्यांना बसते' असं छापलं होतं. या गाडीला बसलं नाही. परशुरामनं ते तासलं, वाकवलं, त्याची समजूत घातली. मग पुल्या एका रेषेत येईनात आणि पट्टा किंचाळायला लागला. त्यानं पुलीवरून दोरा ताणला आणि एक डोळा मिटून पाहिलं. शेजारी मुकुंदरावांनीही जुन्या सवयीनं एक डोळा मिटला. वॉशर घातले, लांब पट्टा आणला, किंचाळी थांबली. दोघांनी गळाभेट घेतली. मग बॉनेट लावायला गेले, तर ते लागेना.

"उंची मोजली नव्हतीस?"

"मोजणीचं माणूस तुम्ही, अण्णा! मला वाटलं, तुम्ही मोजली."

पुन्हा सगळं खोललं, दोन बोटं खाली उतरवलं. त्यानंतर गाडी अशी धावली, की मुकुंदराव खड्डे शोधून शोधून त्यातून न्यायला लागले.

खंडेनवमीला परशुराम हार, लिंबं आणि नारळ घेऊन स्वतः पूजेला आला. ज्यानं लाज राखली त्याला पहिला मान, म्हणून त्यानं नारळ फोडून सगळं पाणी भक्तिभावानं अल्टरनेटरवरच ओतलं. खड्ड्याचं पाणी लागू नये म्हणून शोधलेली जागा नारळाच्या पाण्याला अगदी सोयीची निघाली.

सुट्टी संपली. शाळेच्या सकाळी मुकुंदरावांनी किल्ली फिरवली, तर आतून हूं नाही की चूं नाही. उत्तराबाई पर्स घेऊन पायरीवर उभ्या होत्या. मुकुंदरावांनी तातडीनं उणकलला निरोप धाडला.

निरोप मिळताच परशुराम आला. बॉनेट उघडलं, अल्टरनेटरवरून बोट फिरवलं आणि चक्क चाखलं. चेहरा पडला.

"अक्का, नारळपाणी. मीच घातलंय. बॅटरी सगळी उतरलीय."

आणि तो पळाला. पळून गेला असंच मुकुंदरावांना वाटलं. पण थोड्याच वेळात तो कांद्यानं भरलेला एक टेम्पो घेऊन हजर. जुने टायर एकावर एक रचून त्यानं पायऱ्या केल्या, बाईंना राणीसारखं पुढच्या सीटवर चढवलं, आणि घंटा व्हायच्या आत त्या कांद्यांसकट शाळेत पोचल्या. परतल्यावर दिवसभर त्यानं बॅटरी चार्ज केली, अल्टरनेटर खोलून धुतला, वाळवला आणि तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्यावर छप्पर घातलं. संध्याकाळी बाईंना आणायला तो गाडीत मागे बसून स्वतः गेला.

परतताना मुकुंदरावांनी धीर केला. "मग, नोकरीचं काय?"

"रस्त्यात बसली तर, असं म्हटलं होतं मी. ती घरात बसली."

"हौदरी, खरंय अक्का, घरातच की!" मागून परशुराम.

"तू गप्प बस. आणि पुढच्या वर्षी नारळ फाटकाबाहेर फोड."

उत्तराबाईंनी उरलेली सगळी वर्षं फळ्यापुढेच काढली. दोन हजार चार साली निरोप समारंभात त्यांनी मुख्याध्यापकांच्याही आधी शेवटच्या रांगेतल्या परशुरामचं नाव घेतलं. "मी इथे रोज पोचले ती या माणसामुळे. आणि एकदा पोचले नसते, तेही याच्यामुळेच." पहिली टाळी मुकुंदरावांनी वाजवली आणि डोळे पुसायचे होते म्हणून मध्येच थांबवली.

गाडी दोन हजार सहा साली भंगारात गेली. ब्रॅकेट परशुरामनं काढून ठेवलं. ते दुसऱ्या कुठल्याच गाडीला बसलं नाही.