भिंतीवरचे हात
तापलेल्या प्रोजेक्टरचा वास आला की आमच्या हॉटेलच्या रस्त्यावरचा, डेव्हन ॲव्हेन्यूवरचा तो शुक्रवार आठवतो. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी हॉटेलात पोळ्या लाटणाऱ्या आईचे आणि शेजारच्या ज्यू बेकरीतल्या आजींचे हात शूट केले होते. संध्याकाळी ते बाहेरच्या भिंतीवर शेजारी शेजारी दाखवायचे होते. आजी मात्र लगबगीने घरी निघाल्या. “सूर्य मावळला की आमचा शब्बाथ, विसाव्याचा पवित्र दिवस सुरू होतो, बाळा. मग हे बघता येत नाही.” कोणता दिवस चालेल, हे मी त्यांना विचारलंच नव्हतं. मार्क द्यायला प्रोफेसर येऊन थांबले होते. दिवसभर उभं राहून दमलेली आई म्हणाली, “बंद कर. त्या घरी बसणार आणि तू त्यांचे हात भिंतीवर नाचवणार?” मी प्लग काढला. रविवारी पुन्हा लावलं, तर आई आणि आजी दोघी ते न बघताच खुर्च्यांवर बसल्या बसल्या झोपल्या. उशिराबद्दल माझे मार्क गेले; पण त्यांना उठवायला हवं होतं, असं मला अजूनही वाटत नाही.